अ‍ॅजाइलची तत्त्वे आणि स्क्रमची चौकट: आपल्या प्रकल्पात या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखाव्यात

"आमची टीम अ‍ॅजाइल आहे," असे सांगणाऱ्याला "म्हणजे नेमके काय करता?" असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: सकाळी स्टँड-अप (उभ्याने होणारी छोटी बैठक) असतो, दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) असतो, जिरा या कामे नोंदवण्याच्या साधनात तिकिटे (कामांच्या नोंदी) असतात, शेवटी डेमो आणि रेट्रो (आपली पद्धत तपासण्याची बैठक) होतो. अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडेथोडे बनवत, बदल स्वीकारत पुढे जाण्याची विचारसरणी; स्क्रम म्हणजे तसे काम करण्यासाठी नियमांची एक चौकट. यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट स्क्रममधून किंवा स्क्रमभोवती वाढलेल्या सवयींतून आलेली आहे, आणि यातील एकाही गोष्टीचे नाव अ‍ॅजाइलच्या जाहीरनाम्यात नाही. हा फरक केवळ मुलाखतीत विचारला जाणारा प्रश्न म्हणून महत्त्वाचा नाही. टीमची तक्रार नियमाबद्दल आहे की तो नियम ज्यासाठी आहे त्या हेतूबद्दल, हे ओळखता आले नाही, तर दुरुस्ती चुकीच्या जागी होते. बैठका वाढतात, आणि ग्राहकाला नको असलेले सॉफ्टवेअर तेवढे वेळेवर पोहोचते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: स्क्रम पाळले जाते की नाही हे बाहेरचा माणूस येऊन तपासू शकतो, पण अ‍ॅजाइल तत्त्वे पाळली जातात की नाही हे टीमने अडचणीच्या वेळी घेतलेल्या निर्णयांवरूनच कळते. म्हणून दोन्हींची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. ती कशी करावी, हे पुढे क्रमाने लिहिले आहे. उदाहरणासाठी मी काम केलेला एक प्रकल्प घेतो: एका पतसंस्थेसाठी पिग्मी वसुलीचे सॉफ्टवेअर. पिग्मी एजंट रोज दुकानोदुकानी फिरून छोट्या रकमा गोळा करतो, हातातल्या यंत्रावरून पावती देतो आणि संध्याकाळी शाखेत येऊन भरणा करतो, एवढे ठाऊक असले की पुढचे समजायला पुरे.

पहिली पायरी: दोन्ही मूळ कागद स्वतः वाचावेत

बहुतेक टीमने अ‍ॅजाइल आणि स्क्रम ऐकलेले असते, वाचलेले नसते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे १७ जण एकत्र आले आणि त्यांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. त्यात ४ मूल्ये आहेत आणि त्यांच्या जोडीला १२ तत्त्वे. सगळे मिळून दहा मिनिटांत वाचून होते. मूल्यांची मांडणी "यापेक्षा ते अधिक मोलाचे" अशी आहे: प्रक्रिया आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद, सर्वंकष कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचा सहभाग, आणि योजनेला धरून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, हे जाहीरनामा स्वतःच स्पष्ट सांगतो. "अ‍ॅजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन लागत नाही" असे म्हणणाऱ्याने ते वाक्य वाचलेलेच नसते.

स्क्रमचा कागद वेगळा आहे. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेली स्क्रम मार्गदर्शिका प्रथम २०१० मध्ये आली आणि तिची २०२० ची आवृत्ती सध्या प्रमाण मानली जाते. ती विनामूल्य मिळते आणि तासाभरात वाचून होते.

येथे एक ऐतिहासिक क्रम लक्षात ठेवावा, कारण त्यामुळे अर्धा गोंधळ मिटतो. स्क्रम हे अ‍ॅजाइलचे अपत्य नाही. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात नवी उत्पादने घडवणाऱ्या टीमला रग्बीच्या खेळाची उपमा दिली; "स्क्रम" हा त्याच खेळातला शब्द. सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये स्क्रमची पहिली टीम चालवली. आणि १९९५ मध्ये श्वाबर आणि सदरलँड यांनी मिळून ही पद्धत ऊप्स्ला या प्रोग्रॅमिंगविषयीच्या परिषदेत मांडली. म्हणजे जाहीरनाम्याच्या आधीच स्क्रम अस्तित्वात होते. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या १७ जणांत श्वाबर आणि सदरलँड होते, तसेच एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या पद्धतीचे केंट बेक होते आणि इतर पद्धतींचे जाणकारही होते. वेगवेगळ्या वाटांनी चालणाऱ्या या लोकांना जे समान सापडले, ते त्यांनी लिहून ठेवले. म्हणूनच त्यात कोणत्याही एका वाटेचे नियम नाहीत.

दुसरी पायरी: आपल्या रोजच्या गोष्टींची तीन रकान्यांत वाटणी करावी

एक मोठा कागद घ्यावा आणि टीम दर आठवड्याला जे जे करते ते सर्व लिहून काढावे. मग प्रत्येक गोष्ट स्क्रम मार्गदर्शिकेत आहे का, जाहीरनाम्यात आहे का, की दोन्हींत नाही, हे पाहून तीन रकाने भरावेत.

स्क्रमचा रकाना भरणे सोपे असते. तीन जबाबदाऱ्या: प्रॉडक्ट ओनर (कोणते काम आधी करायचे हे ठरवणारा), स्क्रम मास्टर (स्क्रम नीट चालेल हे पाहणारा) आणि डेव्हलपर. पाच प्रसंग: स्वतः स्प्रिंट, त्याचे नियोजन, रोजचे पंधरा मिनिटांचे डेली स्क्रम, रिव्ह्यू (तयार झालेले काम संबंधितांसोबत पाहणे) आणि रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे वर आलेला रेट्रो. तीन दृश्य वस्तू, प्रत्येकीला बांधलेल्या बांधिलकीसह: प्रॉडक्ट बॅकलॉगला (करायच्या कामांची क्रमवार यादी) प्रॉडक्टचे ध्येय, स्प्रिंट बॅकलॉगला (त्यातून या स्प्रिंटसाठी निवडलेली कामे) स्प्रिंटचे ध्येय, आणि तयार झालेल्या भागाला म्हणजे इन्क्रिमेंटला "डेफिनिशन ऑफ डन", म्हणजे काम झाले असे केव्हा म्हणायचे याची सर्वांनी मान्य केलेली व्याख्या. स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी, आणि टीम सर्वसाधारणपणे दहा जणांची किंवा त्याहून लहान.

तिसऱ्या रकान्याने मात्र आमच्या टीमला चकित केले. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे गुण), व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणारे गुण), प्लॅनिंग पोकर (पत्ते वापरून कामाचा अंदाज बांधणे), "एक वापरकर्ता म्हणून मला अमुक हवे" अशा साच्यात लिहिलेली युजर स्टोरी, आणि उभे राहूनच बोलायचे ही सक्ती, यांपैकी काहीही स्क्रमचा नियम नाही. "काल काय केले, आज काय करणार, अडचण काय" हे तीन प्रश्न पूर्वीच्या आवृत्त्यांत होते. २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. या सवयी वाईट आहेत असे मुळीच नाही, पण त्या आपण निवडलेल्या आहेत आणि उद्या सोडू शकतो, एवढे टीमला कळणे फार मोलाचे असते. ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त त्रास होतो ती बहुधा याच रकान्यात सापडते.

तिसरी पायरी: प्रत्येक नियमापुढे तत्त्व लिहावे

आता स्क्रमच्या रकान्यातील प्रत्येक नियमासमोर तो कोणत्या अ‍ॅजाइल तत्त्वासाठी उपयोगी पडतो ते लिहावे. काही जोड्या लगेच जुळतात. ठरावीक काळाने थांबून आपली पद्धत तपासावी असे बारावे तत्त्व सांगते; त्यासाठी रेट्रोस्पेक्टिव्ह आहे. चालणारे सॉफ्टवेअर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या अंतराने, शक्यतो कमी अंतराने द्यावे असे एक तत्त्व आहे. त्याला स्प्रिंटचे बंधन आधार देते. बाकीच्या जोड्या जुळवताना वाद होतील, आणि ते होऊ द्यावेत.

सर्वांत मोठा वाद बदलाबद्दल होतो. दुसरे तत्त्व सांगते की काम पुष्कळ पुढे गेलेले असले तरी बदलत्या गरजांचे स्वागत करावे. स्क्रम मात्र सांगते की स्प्रिंट चालू असताना त्याच्या ध्येयाला धोका पोहोचेल असा बदल करू नये. वरवर पाहता हा सरळ विरोध वाटतो, आणि अनेक ठिकाणी मॅनेजर पहिले वाक्य वापरून मधेच कामे घुसवतात, तर डेव्हलपर दुसरे वाक्य वापरून दार बंद करतात. दोन्ही बाजू कागद दाखवून भांडतात आणि ग्राहक ताटकळतो.

हा गुंता सोडवण्याचा क्रम असा आहे. स्प्रिंटच्या चौथ्या दिवशी नवी मागणी आली, तर प्रथम विचारावे की तिच्यामुळे स्प्रिंटचे ध्येय बदलते का. बदलत नसेल, तर डेव्हलपर आणि प्रॉडक्ट ओनर यांनी बसून कामांची अदलाबदल करावी. हे स्क्रमला पूर्ण मान्य आहे, कारण अबाधित राहायचे ते ध्येय, तिकिटांची यादी नव्हे. ध्येय बदलत असेल पण मागणी तातडीची नसेल, तर ती प्रॉडक्ट बॅकलॉगच्या वरच्या टोकाला ठेवावी. तिला फार तर पुढच्या नियोजनापर्यंत थांबावे लागते. आणि परिस्थितीच अशी बदलली की सध्याच्या ध्येयाला अर्थ उरला नाही, तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार प्रॉडक्ट ओनरला आहे, फक्त त्यालाच आहे.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. स्प्रिंट किती आठवड्यांचा असावा, याचा अर्थ आपला ग्राहक बदलासाठी किती दिवस थांबू शकतो, असा आहे. आमच्या पतसंस्थेला तीन आठवडे थांबणे परवडत नव्हते, कारण व्याजदराचे परिपत्रक आले की ते लगेच लागू करावे लागे. आम्ही स्प्रिंट दोन आठवड्यांवर आणला आणि मधेच घुसवलेल्या कामांबद्दलची निम्मी भांडणे त्याच महिन्यात थांबली.

हे सगळे शक्य होण्यासाठी स्प्रिंटचे ध्येय खरोखर ध्येय असावे लागते. "तिकीट ४१ ते ५३ पूर्ण करणे" हे ध्येय नाही, कारण त्यात अदलाबदलीला जागाच नाही. "नेटवर्क नसतानाही एजंटला पावती देता यावी" हे ध्येय आहे. ते साधण्यासाठी तिकीट ४७ गाळावे लागले, तरी चालते.

मग काही तत्त्वांसमोर एकही नियम सापडत नाही, आणि ही रिकामी जागा या पायरीतील सर्वांत उपयुक्त भाग आहे. तांत्रिक गुणवत्तेकडे आणि चांगल्या रचनेकडे सतत लक्ष द्यावे असे नववे तत्त्व सांगते. स्क्रम टेस्ट कशा लिहाव्यात, कोड कोणी तपासावा, यावर काहीच सांगत नाही, कारण ते सांगणे त्याचे कामच नाही. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००९ मध्येच दाखवून दिले होते की स्क्रम स्वीकारूनही तांत्रिक शिस्त सोडलेल्या टीमचा कोड इतका गुंतागुंतीचा होतो की पुढे वेगच उरत नाही. म्हणून या जागेत एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधील सवयी आणून बसवाव्यात: आपोआप चालणाऱ्या टेस्ट, दिवसातून अनेकदा कोड एकत्र करणे, दोघांनी मिळून लिहिणे. आणि त्या "डेफिनिशन ऑफ डन"मध्ये नोंदवाव्यात, म्हणजे घाईच्या दिवशी त्या गळणार नाहीत. तसेच कायम टिकेल अशाच वेगाने काम करावे हे तत्त्व. लागोपाठ तीन स्प्रिंट शनिवारी ऑफिसला यावे लागत असेल, तर एकही बैठक चुकलेली नसली तरी हे तत्त्व मोडलेले आहे.

चौथी पायरी: एक डेली स्क्रम आणि एक रिव्ह्यू जवळून पाहावा

कागद भरून झाला की दोन प्रसंग निवडावेत आणि काही न बोलता पाहावेत.

डेली स्क्रममध्ये बोलणारा कोणाकडे पाहतो, एवढेच टिपावे. आमच्याकडे प्रत्येक जण मॅनेजरकडे पाहून बोलत असे. आठ जण ओळीने हजेरी दिल्यासारखे बोलत, पंधरा मिनिटांत सर्व संपे, आणि मग पावतीच्या छपाईवर काम करणारी आणि यंत्रातील साठवणुकीवर काम करणारा, हे दोघे चहाच्या टपरीवर गेल्यावर एकमेकांना विचारत की आज नेमके कोण काय पाठवणार आहे. नियमानुसार वेळ, जागा, सर्व काही बरोबर होते. पण हा प्रसंग डेव्हलपरांनी आपल्या दिवसाची आखणी करण्यासाठी आहे, आणि ती आखणी टपरीवर होत होती. उपाय साधा होता: मॅनेजरांनी पंधरा दिवस या बैठकीला न येण्याचे मान्य केले आणि बोलण्याचा क्रम माणसांऐवजी कामांनुसार ठरवला, जे काम पूर्ण होण्याच्या सर्वांत जवळ आहे ते आधी. पहिले तीन दिवस अवघडलेपण होते. चौथ्या दिवशी छपाईवाल्या ताई साठवणुकीवाल्या दादांना थेट म्हणाल्या, "तुमची फाइल दुपारपर्यंत नाही आली, तर माझे आजचे काम पडून राहील." ते वाक्य आधी कधीच त्या खोलीत ऐकू आले नव्हते.

रिव्ह्यूची गोष्ट अधिक गंभीर होती. चार स्प्रिंट आम्ही पतसंस्थेच्या दोन अधिकाऱ्यांना बैठकीच्या खोलीत पडद्यावर डेमो दाखवला, आणि चारही वेळा "छान झाले आहे" हे उत्तर घेऊन परतलो. स्क्रम मार्गदर्शिका सांगते की रिव्ह्यू ही काम करण्याची बैठक आहे, तिचे केवळ सादरीकरण होऊ देऊ नये. ते आम्ही वाचले होते आणि तरीही सादरीकरणच करत होतो. पाचव्या वेळी आम्ही एका एजंटकाकांना शाखेत बोलावून यंत्र त्यांच्या हातात दिले. त्यांच्या डाव्या काखेत पिशवी, हातात नोटा. यंत्र चालवायला मोकळा फक्त उजवा अंगठा. आमचा पडदा पूर्ण खाते क्रमांक मागत होता. काका म्हणाले, "अहो, मला शेवटचे चार आकडे पाठ असतात. आणि दुकानं तर रोज त्याच ओळीनं येतात." त्यांनी खिशातली डायरी काढून दाखवली: पानावर खाती क्रमांकाच्या नव्हे, फिरतीच्या क्रमाने लिहिलेली होती. चार स्प्रिंटमध्ये आम्ही खात्यांचा शोध तीन वेळा अधिक वेगवान केला होता, आणि या माणसाला शोधाची गरजच नव्हती.

येथे कोणता नियम मोडला होता? एकही नाही. ग्राहकाचा सहभाग हे मूल्य मात्र आम्ही दोन अधिकाऱ्यांच्या होकारावर भागवले होते. आपल्या टीममध्ये हे तपासण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: गेल्या रिव्ह्यूनंतर प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये काय बदलले? लागोपाठ तीन रिव्ह्यूंचे उत्तर "काही नाही" असे असेल, तर खोलीत योग्य माणूस आलेला नाही असे समजावे.

पाचवी पायरी: कराराकडे आणि प्रॉडक्ट ओनरकडे पाहावे

पुण्यातील किंवा मुंबईतील बऱ्याच टीमचा ग्राहक परदेशात असतो, करार ठरावीक रकमेचा असतो आणि व्याप्ती आधीच गोठवलेली असते. अशा वेळी टीमने आतमध्ये कितीही नेटके स्क्रम केले, तरी बदलाचे स्वागत करायला पैसे आणि परवानगी दोन्ही नसतात. यावर व्यवहार्य मार्ग आहे, पण तो करार करतानाच घ्यावा लागतो: ज्या कामाला अजून हात लावलेला नाही, ते काढून तेवढ्याच आकाराचे नवे काम विनामूल्य घेता येईल, असे कलम टाकावे. ग्राहकाला बदल मिळतो, कंपनीचा अंदाज बिघडत नाही. विक्री विभागाला हे पटवणे टीम लीडने स्वतःचे काम मानावे. ते दुसरे कोणी करणार नाही.

प्रॉडक्ट ओनरबद्दल स्क्रमचा नियम नेमका आहे: ती एक व्यक्ती असते, समिती नव्हे, आणि तिच्या निर्णयांचा संपूर्ण संस्थेने आदर करावा लागतो. आपल्याकडे ग्राहक दूर असल्याने "प्रॉक्सी" (प्रॉडक्ट ओनरच्या जागी बसणारा बदली माणूस) नेमला जातो, जो प्रत्येक प्रश्नावर "विचारून सांगतो" म्हणतो. व्यवसायाची माणसे आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावे हे चौथे तत्त्व येथे दुभंगते. प्रॉक्सी काढता येत नसेल, तर निदान कोणत्या प्रकारचे निर्णय त्याने न विचारता घ्यायचे याची यादी ग्राहकाकडून लेखी घ्यावी. दहा ओळींची यादीसुद्धा आठवड्यातले कित्येक तास वाचवते.

सहावी पायरी: स्क्रम ठेवायचे की नाही, हे मोकळेपणाने ठरवावे

पुढचे दोन आठवडे काय करायचे याचा थोडाफार अंदाज बांधता येतो, उत्पादन नवे आहे आणि काय उपयोगी पडेल हे बनवून दाखवल्याशिवाय कळत नाही, अशा कामाला स्क्रम चांगले बसते. सपोर्टच्या टीमचे तसे नसते. तेथे सकाळी कोणती तक्रार येईल हे आदल्या संध्याकाळी माहीत नसते, आणि स्प्रिंटचे ध्येय दुसऱ्याच दिवशी कोलमडते. त्यांनी कानबान वापरावे: फळ्यावर कामे मांडावीत, एका वेळी किती कामे हातात असतील याला मर्यादा घालावी, आणि एक काम संपले की दुसरे ओढावे. अशी टीम स्क्रमची टीम नसते, पण बाराही तत्त्वे पाळू शकते.

स्क्रमचे मोजकेच भाग घेणेही शक्य आहे. मार्गदर्शिका फक्त एवढेच म्हणते की अशा मिश्रणाला स्क्रम म्हणू नये. हा आग्रह मला योग्य वाटतो. नाव तेच ठेवून रेट्रोस्पेक्टिव्ह गाळली, तर दोष पद्धतीच्या माथी जातो आणि गाळलेला भाग कोणाच्या लक्षातही राहत नाही.

हा सगळा अभ्यास करायला दोन स्प्रिंट पुरतात. पहिल्यात फक्त वाचन, तीन रकान्यांचा कागद आणि निरीक्षण करावे, काहीही बदलू नये. त्याच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये कागद भिंतीवर लावावा, रिकाम्या जागांपैकी एकच निवडावी आणि तिचा उपाय दुसऱ्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये इतर कामांसारखाच एक आयटम म्हणून लिहावा, करणाऱ्याच्या नावासह. एका वेळी एकाहून अधिक बदल केले, तर कशाचा परिणाम काय झाला हे सांगता येत नाही.

आमच्या टीमने तिसऱ्या रकान्यातील स्टोरी पॉइंट सोडले, युजर स्टोरी ठेवल्या, आणि स्क्रमच्या रकान्यातील एकही नियम बदलला नाही. बदलली ती रिव्ह्यूची जागा आणि वेळ. पुढच्या स्प्रिंटपासून रिव्ह्यू ऑफिसमध्ये न होता शाखेत, एक आड एक गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला होऊ लागला, कारण फिरती संपवून एजंट भरणा करायला त्याच वेळी येतात. यंत्र त्यांच्या हातात असते, आम्ही काउंटरच्या अलीकडे वही घेऊन उभे असतो, आणि खात्यांची यादी आता डायरीच्या क्रमाने उघडते.